तीच गोळी एकाला मानवते, दुसऱ्याला बाधते

दोन माणसं घ्या. दोघंही पंचावन्नच्या आसपासचे, दोघांचीही धडधडीची तक्रार सारखी, आणि दोघांना लिहून दिलेली गोळीही एकच : मेटोप्रोलॉल ५० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. पंधरा दिवसांनी एकाची नाडी ७० आणि कामधंदा सुरळीत. दुसऱ्याची ४६. जिना चढताना पाय ओढल्यासारखे होतात, खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. डोस तोच, कंपनी तीच, बॅचसुद्धा तीच. घरचे म्हणतात, "औषध झेपलं नाही." बरोबरच आहे. फक्त ते लिव्हरला झेपलं नाही की हृदयाला, हे बघायला हवं. या दोन्हींची जनुकं वेगळी, धोका वेगळा आणि उपायही वेगळा.

आधी लिव्हरचं. गळीत हंगामात कारखान्याच्या यार्डात लागलेली ट्रॅक्टरांची रांग कोल्हापूरकराला सांगायला नको. रांग किती लांबणार हे दोन गोष्टींवर ठरतं : रोज किती ऊस येतो आणि रोज किती गाळला जातो. रक्तातलं औषध म्हणजे ही रांग, तुम्ही घेतलेला डोस म्हणजे येणारा ऊस आणि लिव्हरमधली एन्झाइम्स म्हणजे गाळप. मेटोप्रोलॉलचं गाळप मुख्यतः सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम करतं. डॉक्टर बोलताना नुसतं 'टू-डी-सिक्स' म्हणतात. त्याचं जनुक २२व्या गुणसूत्रावर असतं; एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही चालू असतील तर गाळप नेहमीचं. एक बंद किंवा दोन्ही अर्धवट असतील तर सावकाश. दोन्ही बंद असतील तर त्या माणसाला 'मंद पचवणारा' म्हणतात. काहींकडे याच जनुकाच्या तीन-चार चालू प्रती असतात. त्यांचा ऊस यार्डात टेकायच्या आत संपतो आणि नेहमीच्या डोसाने त्यांची नाडी हलतच नाही.

मंद गटात मेटोप्रोलॉल रक्तातून निम्मं व्हायला ३-४ तासांऐवजी ७-८ तास लागतात आणि रक्तातली एकूण मात्रा चार-पाच पटींपर्यंत जाते. म्हणजे कागदावर ५० ची गोळी, शरीराच्या हिशेबात दोनशेच्या पुढची. युरोपीय लोकांत हा गट ५ ते १० टक्के आहे. भारतात झालेल्या पाहण्यांत तो साधारण २ ते ५ टक्के भरतो. अर्धवट गाळप करणारे याहून बरेच जास्त असतात, आणि त्यांचा त्रास सौम्य असल्याने तो 'वयामुळे थकवा' या नावाखाली खपून जातो.

हा शोध लागला तोही औषध न झेपल्यामुळेच. १९७० च्या दशकात लंडनमधले संशोधक रॉबर्ट स्मिथ यांनी रक्तदाबाचं डेब्रिसोक्विन नावाचं औषध स्वतःवर करून पाहिलं. सहकाऱ्यांना काही झालं नाही. स्मिथ यांचा रक्तदाब इतका उतरला की त्यांना उभं राहता येईना. त्यांच्या लघवीत औषध जवळपास जसंच्या तसं निघालं. त्यांचं टू-डी-सिक्स बंद होतं.

अनियमित ठोके ताळ्यावर आणणाऱ्या प्रोपॅफेनोन या गोळीचंही तसंच. बहुतेकांत ती २ ते १० तासांत निम्मी होते, मंद गटात १० ते ३२ तास घेते. शिवाय न गाळलेल्या प्रोपॅफेनोनला बीटा-ब्लॉकरचा (मेटोप्रोलॉलसारख्या, ठोके संथ करणाऱ्या गोळीचा) गुण जास्त असतो, म्हणून दम्याच्या माणसाला ती घेतल्यावर छातीत घरघर सुरू झाली तर दोष हवेला देण्याआधी गोळीकडे बघावं. फ्लेकेनाइड हे ठोक्यांचं दुसरं औषधही याच वाटेने जातं, पण किडनी त्यातलं बरंच बाहेर टाकते. किडनी धड असेपर्यंत जनुकाचं फारसं अडत नाही. टू-डी-सिक्स बंद आणि क्रिएटिनीनही (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा घटक) वाढलेलं, अशी जोडी जमली की मात्र औषध साचतं.

आता एक गोष्ट, जी जनुकाच्या रिपोर्टवर कधीच दिसत नाही. गाळपाची क्षमता उत्तम, पण दुसऱ्याच कुणाचा ऊस मध्ये घुसला तर? डिप्रेशनसाठीच्या पॅरॉक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन या गोळ्या टू-डी-सिक्स अडवून धरतात. पावसाळ्यात गजकर्णावर महिना-महिना दिली जाणारी टर्बिनाफिनही तेच करते, आणि ती बंद केल्यावरही काही आठवडे तिचा असर राहतो. जन्मतः नॉर्मल असलेला माणूस तेवढ्या काळापुरता मंद गटात जातो. गजकर्णाच्या गोळ्या सुरू झाल्यावर दहा दिवसांनी नाडी ४८ वर आली, तर हृदय बिघडलं असं समजून धावण्याआधी ही जोडी तपासावी. गजकर्णासाठीच दिलं जाणारं इट्राकोनाझोल वेगळ्या रस्त्याने त्रास देतं : ते डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची रक्तातली पातळी वाढवतं.

मेटोप्रोलॉलसाठी सगळ्यांनी जनुक तपासणी करावी का? आमच्या मते नाही. नाडी मोजायला पैसे पडत नाहीत. मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा. ठोके अनियमित असतील तर १५ सेकंद मोजून चौपट करण्यात हमखास चूक होते. सकाळच्या गोळीआधी मोजलेली नाडी सतत ५० च्या खाली येत असेल आणि भोवळही येत असेल, तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा बिसोप्रोलॉल, अटेनोलॉल अशा टू-डी-सिक्सवर अवलंबून नसलेल्या गोळीवर नेतात. स्वतःहून एकदम बंद करायची नाही. बीटा-ब्लॉकर अचानक तोडला की ठोके उसळतात.

लिव्हरकडची बाकीची उदाहरणं थोडक्यात. ठोक्यांसाठीच्या प्रोकेनामाइड या औषधाचं गाळप एनएटी२ जनुकाच्या हाती असतं. ज्यांचं ते सावकाश चालतं त्यांना काही महिन्यांत सांधेदुखी, ताप असा ल्युपससारखा आजार लवकर होतो. भारतात निम्म्याच्या आसपास लोक या सावकाश गटात आहेत, पण गोळी स्वरूपात हे औषध आता क्वचितच दिलं जातं. डिगॉक्सिनच्या बाबतीत जनुकांपेक्षा किडनीच महत्त्वाची. वयस्कर माणसाला मळमळ, अन्नावरची वासना जाणं, सगळं पिवळसर दिसणं असं होऊ लागलं की आधी क्रिएटिनीन, पोटॅशियम आणि डिगॉक्सिनची पातळी बघतात, पातळी मिलीलिटरला ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅममध्ये असावी. अ‍ॅमिओडॅरोन हे ठोक्यांचं औषध सुरू केलं तर डिगॉक्सिन साधारण निम्मं करावं लागतं आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिन ३० ते ५० टक्के कमी, कारण अ‍ॅमिओडॅरोन स्वतःच दोन्हींची वाट अडवतं. त्यात ते शरीरातून निम्मं व्हायला सरासरी दोन महिने घेतं. बंद केलं म्हणून लगेच निर्धास्त होता येत नाही.

इथपर्यंतचे त्रास हळूहळू येतात आणि नाडीवर कळतात. हृदयाकडचा त्रास तसा नाही. तो सावध करायला थांबत नाही.

प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशीत आधी सोडियम घुसतं, मग पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. पोटॅशियमची दारं राधानगरी धरणाच्या सात दरवाजांसारखी स्वयंचलित आहेत. तिथे पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, इथे विजेचा दाब बदलला की उघडतात. यातलं एक महत्त्वाचं दार केसीएनएच२ जनुकापासून बनतं; त्याला हर्ग म्हणतात. दुसरं केसीएनक्यू१ पासून. एखादं दार जन्मतःच अरुंद असलं तरी बाकीची दारं सांभाळून घेतात आणि साधा ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. या राखीव क्षमतेची कल्पना डॅन रोडन या अमेरिकी हृदयतज्ज्ञांनी १९९८ मध्ये मांडली. ज्याचं एक दार आधीच अरुंद आहे, त्याला दुसरं दार बंद करणारी गोळी दिली की पेशी रिकामी व्हायला उशीर होतो, आणि त्या उशिरात एखादा अवेळी ठोका पडला की खालचे कप्पे नुसते थरथरत राहतात. याला तोर्साद द प्वाँत म्हणतात. फ्रेंच हृदयतज्ज्ञ दॅसर्तेन यांनी १९६६ मध्ये त्याचं वर्णन केलं; ईसीजीवरची शिखरं दोरीसारखी पिळत जाताना दिसतात म्हणून हे नाव.

हर्गचं दार नेमकं इतक्या औषधांना बळी का पडतं? त्याची आतली पोकळी ऐसपैस आहे. ठोक्याची औषधं तर तिथे अडकतातच, पण अँटिबायोटिक, उलटीच्या, मानसिक आजाराच्या आणि बुरशीच्या गोळ्याही अडकतात. आणखी एक उलटं वाटणारं सत्य : रक्तात पोटॅशियम कमी असलं की ते पेशीतून सहज बाहेर यायला हवं, पण होतं उलटंच. बाहेर पोटॅशियम कमी पडलं की हर्ग जास्त वेळ मिटलेलं राहतं आणि औषध त्यात अधिक घट्ट बसतं. म्हणून जुलाब-उलट्यांनंतर अरुंद दाराची माणसं जास्त धोक्यात असतात.

उशीर किती झाला हे ईसीजीवर मोजता येतं. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा. क्यू लाट सुरू होते तिथून टी लाट आडव्या रेषेला टेकते तिथपर्यंत ईसीजीच्या 'लीड २' किंवा 'व्ही५' या पट्टीत चौकोन मोजा. समजा ११ भरले : क्यूटी ४४०. दोन आर शिखरांमधले चौकोन २० : ८०० मिलिसेकंद, म्हणजे ०.८ सेकंद, नाडी ७५. बॅझेट यांच्या १९२० च्या सूत्राने क्यूटीला या ०.८ च्या वर्गमुळाने भागायचं. वर्गमूळ ०.८९४, उत्तर ४९२. याला क्यूटीसी म्हणतात. ४४० बघून 'ठीक दिसतंय' म्हणणारा इथे फसतो. नाडी शंभराच्या वर असेल तर हेच सूत्र आकडा फुगवून दाखवतं, आणि एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (वरचे कप्पे थरथरून ठोके अनियमित पडतात तेव्हा) एका ठोक्यावर विसंबून चालत नाही, आठ-दहा ठोक्यांची सरासरी काढावी लागते. मशीनने वर छापलेला आकडा जसाच्या तसा धरू नये.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे जुलैत इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. क्यूटीसीलाही तसंच समजा. पुरुषांत ४५० आणि बायकांत ४६० च्या वर गेला की इशारा, ५०० ला धोका. किंवा औषध सुरू केल्यावर पूर्वीपेक्षा ६० ने वाढला तरी धोकाच. पंचगंगा धोक्याच्या वर जाते तेव्हा कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्यांचं पाणी एकदम आलेलं असतं. इथेही जनुक ही त्यातली एकच नदी. बाकीच्या : स्त्री असणं, वय, संथ नाडी, अशक्त हृदय, पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी होणं, किडनी मंदावणं आणि एकाच वेळी दोन-तीन दार अडवणारी औषधं. जनुकाची नदी वळवता येत नाही, पण बाकीच्यांपैकी निम्म्या तरी आपल्या हातात असतात.

सोटॅलॉल ही ठोक्यांची गोळी सुरू करताना रुग्णाला तीन दिवस दवाखान्यात मॉनिटरवर का ठेवतात, हे यावरून कळेल. ही गोळी लिव्हरमध्ये गाळलीच जात नाही, सगळी किडनीतून जाते. त्यामुळे टू-डी-सिक्सचा रिपोर्ट इथे निरुपयोगी. आधी ईसीजी, क्यूटीसी ४५० पेक्षा जास्त असेल तर सुरूच करत नाहीत. क्रिएटिनीनवरून किडनीचा वेग काढतात. तो मिनिटाला ६० मिलीलिटरच्या खाली असेल तर दिवसातून दोनदाऐवजी एकदा, ४० च्या खाली असेल तर नाहीच. पोटॅशियम ४ च्या वर आणतात. मग ८० मिलिग्रॅम दोनदा, आणि प्रत्येक डोसनंतर २ ते ४ तासांनी ईसीजी. ५०० गाठलं की डोस उतरवतात किंवा गोळीच थांबवतात. आणखी एक खोच : नाडी जितकी संथ तितकी सोटॅलॉलची दारं अडवण्याची ताकद जास्त, म्हणून झोपेतली नाडी मॉनिटरवर बघायला लागते. "पहिल्या दिवशी ईसीजी बरा आला, घरी सोडा" असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. अ‍ॅमिओडॅरोनही क्यूटी लांबवतं, पण ते आत येणारे प्रवाहही रोखतं, त्यामुळे त्याने तोर्साद क्वचितच होतं. त्याचे त्रास वेगळे : २०० च्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. म्हणून दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि लिव्हरची तपासणी.

जन्मजात लांब क्यूटी साधारण दोन हजारांत एकाला असतो. यातले बरेच जण वर्षानुवर्षं 'फीट येते' म्हणून मिरगीच्या गोळ्या खात असतात. केसीएनक्यू१ चा दोष असलेल्याला पोहताना किंवा पळताना शुद्ध हरपते. पोहण्यात पटाईत पोर नदीत बुडालं तर त्याच्या भावंडांचा ईसीजी काढावा. केसीएनएच२ वाल्याला पहाटेचा गजर किंवा अचानक फुटलेला फटाका पुरतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होण्याची रीत आहे, म्हणून आणखी एक खूण लक्षात ठेवा. केसीएनक्यू१ ची दोषी प्रत आई-वडील दोघांकडून आली तर मूल जन्मतः बहिरं असतं आणि त्याचा क्यूटी फार लांब असतो. १९५७ मध्ये नॉर्वेतल्या एका कुटुंबात हे पहिल्यांदा नोंदवलं गेलं. बहिऱ्या मुलाला भोवळ येत असेल तर कानाच्या मशीनइतकाच ईसीजी महत्त्वाचा. एकच दोषी प्रत असलेल्या त्याच्या आई-वडिलांना ऐकू नीट येतं, ईसीजीही बहुतेकदा ठीक. पण चुकीची गोळी पडली की त्यांचं अरुंद दार उघडं पडतं.

सोडियमच्या दाराचं जनुक एससीएन५ए. त्यात दोष असला तर ब्रुगाडा हा ठोके अचानक बिघडवणारा आजार होऊ शकतो. ब्रुगाडा बंधूंनी तो १९९२ मध्ये मांडला. इथे फ्लेकेनाइड आणि प्रोपॅफेनोन वर्ज्य, आणि ताप चढू द्यायचा नाही, कारण तापात ठोके बिघडू शकतात. फ्लेकेनाइडचा दुसरा धडा जनुकांचा नाही, पण वगळण्यासारखाही नाही. हार्ट अटॅकनंतर अवेळी ठोके थांबावेत म्हणून ते दिलं, तेव्हा ठोके कमी झाले आणि मृत्यू दुपटीहून जास्त झाले. अमेरिकेतली ती चाचणी १९८९ मध्ये मध्येच थांबवावी लागली.

आता रोजच्या पिशवीतली औषधं. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, नावाला 'डी' ची शेपटी असलेली अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल बघा. तिच्यात पँटोप्राझोल आणि डोम्पेरिडोन असतं. डोम्पेरिडोन हर्ग अडवतं; पँटोप्राझोल वर्षानुवर्षं घेतलं तर मॅग्नेशियम उतरवू शकतं. एकाच कॅप्सूलमध्ये दोन नद्या, आणि ती चिठ्ठीशिवाय मेडिकलमध्ये मिळते. सोटॅलॉल घेणाऱ्याला जुलाब लागले आणि त्याने ओफ्लॉक्सासिन व ऑन्डान्सेट्रॉन घेतलं तर पोटॅशियम घटतं आणि दारं अडवणारी औषधं तीन होतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, हॅलोपेरिडॉल, एस्सिटॅलोप्राम, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हीही त्याच यादीत. खोकल्याला म्हणून रोज चघळलेलं ज्येष्ठमध आणि पोट साफ होण्याचं चूर्ण दोन्ही पोटॅशियम घालवतात, आणि 'हे काय औषध आहे होय' म्हणून डॉक्टरांना सांगितलं जात नाही. सगळ्या पट्ट्या, पुड्या, बाटल्या पिशवीत घालून न्या. पोटॅशियम वाढवायला शहाळं चालतं का, असं सगळे विचारतात. किडनी बरी असेल तर चालतं. क्रिएटिनीन वाढलेलं असेल तर तेच शहाळं उलटं अंगाशी येतं.

जनुक तपासणी कुणी करावी? गोळीने ज्याचा क्यूटीसी ५०० च्या वर गेला किंवा तोर्साद झालं त्याने, आणि ज्यांच्या घरात चाळिशीच्या आत कुणी बसल्या जागी गेलं आहे त्यांनी. रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला तर त्यावरून कुणालाही रोगी ठरवायचं नाही आणि बरंही. टू-डी-सिक्ससाठी तपासणीचं स्वस्त पॅनल घेताना जनुकाच्या प्रती मोजल्या जातात का, हे आधी विचारा. ते मोजलं नाही तर तीन-चार प्रतींचा माणूस नॉर्मल म्हणून छापला जातो.

दोष नक्की ठरला तर सख्ख्या भावंडांत आणि मुलांत तो असण्याची शक्यता प्रत्येकाला निम्मी. बहिणीचा क्यूटीसी ४५५ आला, तिला कधी भोवळही आली नाही, पण केसीएनएच२ चा तोच दोष निघाला, तर तिच्याही फाइलवर टाळायच्या औषधांची यादी चिकटवायची. ती गरोदर असेल तर यादी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघांना आधी दाखवायची, कारण सिझेरियनमध्ये उलटी थांबायला ऑन्डान्सेट्रॉन सर्रास दिलं जातं. आणि बाळंतपणानंतरचे नऊ महिने या दोषाच्या बायकांना सगळ्यांत जोखमीचे असतात, तेव्हा "अंगावर पाजतेय" म्हणून बीटा-ब्लॉकर परस्पर बंद करायचा नाही.